बागेचा पाईप घेण्याआधी: सातारा-सांगलीकडच्या परसबागांसाठी

मार्च लागला की हार्डवेअरच्या दुकानांच्या दारात पाईपची बंडलं टांगली जातात. हिरवी, निळी, पिवळी, पारदर्शक. "अर्धा इंची, शंभर फूट द्या" एवढं सांगायचं, रंग बघायचा, किलोचा भाव विचारायचा आणि बंडल स्कूटरला अडकवून घरी यायचं, असंच बहुतेक वेळा होतं. पुढच्या मार्चपर्यंत तो पाईप काठीसारखा कडक झालेला असतो, नळापाशी चिरलेला असतो, नाहीतर लांबच्या टोकाला करंगळीएवढीच धार येत असते.

दर वेळी दोष पाईपचाच असतो असं नाही. गच्चीवरच्या टाकीला वर्षानुवर्षं चालणारा पाईप विहिरीच्या मोटरीवर एका दुपारीत फुटू शकतो. म्हणून पाईपची निवड दुकानात सुरू करू नका, नळापाशी करा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: याच पाईपचं पाणी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जातं, हौदात जातं, आणि उन्हाळ्यात खेळून आलेली पोरं त्यालाच तोंड लावतात. पाईप कशाचा बनलाय आणि आधी त्यातून काय गेलंय, याचा विचार टिकाऊपणाइतकाच करावा लागतो.

१. आधी आपलं पाणी ओळखा

घरच्या बागेला आपल्याकडे पाणी साधारण तीन ठिकाणांहून मिळतं: नगरपालिकेचा, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा थेट नळ, गच्चीवरची टाकी, आणि बोअरची किंवा विहिरीची मोटर. तिन्हींचा स्वभाव वेगळा.

टाकीचा हिशेब सरळ आहे. पाण्याची उंची दर १० मीटरला सुमारे १ किलो दाब देते (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो, मोटरवाले आणि दुकानदार असंच बोलतात). एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगणातल्या नळापेक्षा ५-६ मीटर उंच असतं. म्हणजे नळाशी दाब अर्ध्या किलोच्या आसपास. एवढ्याने कुठलाही धड पाईप फुटत नाही. इथे अडतं ते प्रवाहाचं. तेव्हा टाकीवाल्यांनी जाड भिंतीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा पाईपचं पोट रुंद घ्यावं.

मोटरीचं उलट. मोटरीच्या पाटीवर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, मीटरमध्ये लिहिलेलं असतं. समजा हेड १०० मीटर आहे आणि बोअरमधलं पाणी ६० मीटरवर आहे, तर जमिनीशी उरलेलं हेड ४० मीटर, म्हणजे सुमारे ४ किलो दाब. पुढचं टोक बंद केलं तर पंप याहून जास्त दाब काढतो, कारण पाटीवरचं हेड पाणी चालू असतानाचं असतं. शिवाय पावसाळ्यानंतर बोअरची पातळी वर येते आणि तोच पंप जमिनीशी आणखी जोर दाखवतो. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत उन्हाळ्याची आणि दिवाळीची पातळी यांत मोठा फरक पडतो. मे महिन्यात टिकलेला पाईप नोव्हेंबरात का फुटला, याचं उत्तर बहुधा तिथे असतं.

थेट नळाचा दाब तासागणिक बदलतो. सुरुवातीला फुसफुस करून हवा येते, मग जोर धरतो, शेवटी उतरतो. पाणी गेल्यावर हीच लाईन उलटी ओढते. ते पाचव्या मुद्द्यात सविस्तर आहे, तो मुद्दा वगळू नका.

आता एक बादली आणि घड्याळ घ्या. पाईप न लावता नळ पूर्ण उघडा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ४५ सेकंद लागले तर नळ मिनिटाला २० लिटर देतो. ९० सेकंद लागले तर १० लिटरच. पाईप कितीही चांगला घेतला तरी नळ देतो त्याहून थेंबभर जास्त पाणी तो देणार नाही. बादली दीड-दोन मिनिटं घेत असेल तर आधी नळाच्या तोंडाची जाळी, अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, गंजून आतून अरुंद झालेली जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) लाईन यांकडे बघा.

२. व्यास आणि लांबी

पाईपचा माप म्हणजे आतला व्यास. अर्धा इंची म्हणजे आतून सुमारे १२.५ मिलिमीटर, पाऊण इंची म्हणजे १९, एक इंची म्हणजे २५. फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, पाण्याला तो फार मोठा असतो. तेवढाच दाब आणि तेवढीच लांबी असेल तर पाऊण इंची पाईप अर्ध्या इंचीच्या जवळजवळ तिप्पट पाणी देतो. लांबी दुप्पट केली तर प्रवाह सुमारे तीस टक्क्यांनी घटतो.

पाण्याची पातळी नळापेक्षा ६ मीटर उंच आहे आणि पाईप ३० मीटर आहे असं धरा. हिशेबाने अर्धा इंची पाईप मिनिटाला सुमारे १० लिटर देईल, पाऊण इंची सुमारे ३०. घरातली लाईन आणि नळ यांत आणखी दाब खर्ची पडतो, म्हणून प्रत्यक्षात आकडे यापेक्षा कमी भरतात. तरी २०० लिटरचं बॅरल भरायला एकाला वीस मिनिटांहून जास्त लागतील तिथे दुसऱ्याचं काम दहाच्या आत उरकेल, हे लक्षात ठेवा. नळाला पाणी तासभरच येत असेल तर हा फरक मोठा आहे.

मग सगळ्यांनीच पाऊण इंची घ्यावा का? नको. ३० मीटर पाऊण इंची पाईपमध्ये साडेआठ लिटर पाणी मावतं आणि २.५ मिलिमीटर भिंतीच्या पाईपचं स्वतःचं वजन सहा किलोंच्या पुढे असतं. भरलेला पाईप ओढायचा म्हणजे पंधरा किलो ओढायचे. बागेला पाणी घालायचं काम घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असेल तर याचा विचार आधी करा. अर्धा इंची भरलेला पाईप याच्या निम्म्याहून हलका असतो. गच्चीवरच्या कुंड्यांना, १५ मीटरपर्यंतच्या अंतराला, अर्धा इंची पुरतो. नारळ, आंबा, चिकू यांची आळी भरायची असतील, बॅरल भरायचं असेल, किंवा अंतर २० मीटरच्या पुढे असेल तर पाऊण इंची. एक इंची पाईप हातात धरून फिरवायचा नसतो, तो एका जागी टाकून हौद भरायला.

लांबी सुतळीने मोजा. नळापासून, कोपऱ्यांना वळसे घालत, पायऱ्या उतरून, सगळ्यात लांबच्या झाडापर्यंत. त्यात २ मीटर मिळवा. "असू दे जास्तीचा" म्हणून घेतलेला दहा मीटर पाईप रोज गुंता करतो, प्रवाह कमी करतो आणि उन्हात पडून आधी खराब होतो.

अंतर ३० मीटरच्या पुढे जात असेल तर लांब पाईप घेऊच नका. पाऊण किंवा एक इंची पक्की लाईन जमिनीखालून फूटभर खोल नेऊन बागेच्या मध्यावर एक नळ काढा आणि त्याला १५ मीटरचा पाईप लावा. खर्च एकदाच होतो, रोजची ओढाताण वाचते.

३. कोणता पाईप कशाला

साधा एकपदरी पीव्हीसी. सगळ्यात स्वस्त. टाकीच्या दाबाला चालतो, मोटरीला नाही. उन्हात पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून जातं आणि पाईप कडक होतो. पारदर्शक पाईपमध्ये ऊन शिरतं आणि आत हिरवं शेवाळ धरतं. पुढे तेच झारीच्या भोकांत अडकतं. बागेसाठी पारदर्शक पाईप टाळाच.

जाळीचा, म्हणजे ब्रेडेड पीव्हीसी. आतला पदर, त्यावर पॉलिस्टर धाग्याची जाळी, त्यावर बाहेरचा पदर. दाब जाळी पेलते. आपल्याकडच्या बहुतेक घरांना अपारदर्शक, जाळीचा, तीनपदरी पाईप हीच योग्य निवड आहे. मोटरीवर लावायचा असेल तर दुसरा पर्यायच धरू नका.

रबरी पाईप जड आणि महाग, पण उन्हाला आणि रगडीला सगळ्यात दमदार. ईपीडीएम रबर असेल तर ऊन फार सोसतो. गोठा धुवायला, सिमेंटच्या अंगणात रोज ओढायला घ्यावा.

काळ्या पॉलिथिनच्या ठिबकच्या नळ्या, म्हणजे लॅटरल, हातात धरून पाणी द्यायला बनवलेल्याच नाहीत. एकदा मुरड पडली की तिथे कायमची चपटी होते. त्या आपल्या जागी, झाडाच्या बुंध्याशी पसरून ठेवायच्या. पाईप कशाचा आहे असा संशय आला तर एक तुकडा पाण्यात टाका: पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी बुडतं.

हिरवा कड्यांचा सक्शन पाईप पाणी ओढायला असतो. चपटा गुंडाळी पाईप शेतात पाणी सोडायला. पाणी आलं की तिप्पट लांब होणारा कापडी पाईप जाहिरातीत छान दिसतो, पण आत पातळ लवचिक रबराची नळी असते. सांगलीच्या उन्हात आणि खडी-मुरमावर ओढून तो फार दिवस टिकत नाही. तो घेऊ नये असंच स्पष्ट मत आहे.

४. दुकानात जाताना आणि दुकानात

सोबत एवढं असू द्या:

- नळाच्या तोंडाचा फोटो, आणि आटे असतील तर मोजलेला व्यास
- सुतळीने मोजलेली लांबी, मीटरमध्ये
- बादलीच्या चाचणीचा आकडा. मोटर असेल तर पाटीचा फोटो
- मोजपट्टी, जमलं तर व्हर्निअर (भोकाचं बारीक माप घ्यायचं साधन). नसेल तर १२ मिलिमीटरचा ड्रिल बिट
- जुना पाईप ज्या जागी फुटला तो तुकडा

शेवटची वस्तू हास्यास्पद वाटेल, पण जाणता दुकानदार तो तुकडा बघून सांगतो की पाईप दाबाने गेला, उन्हाने गेला की उंदराने.

दुकानात पहिलं काम: बंडलाचं कापलेलं तोंड समोर धरा. भोक बरोबर मध्यावर आहे का? एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ असेल तर पाईप पातळ बाजूने फुगणार. जाळीच्या पाईपमध्ये जाळी सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर दिसायला हवी. तोंड दोन बोटांत धरून पिळा. पदर एकमेकांवरून सरकले तर जोड कच्चा आहे. असा पाईप पुढे आतून फुगा धरतो आणि बाहेरून चांगला दिसत असताना पाणी अडवतो.

मग आतला व्यास मोजा. ही फसवणूक फार चालते. "अर्धा इंची" म्हणून विकलेला पाईप आतून ११ मिलिमीटर निघतो. दीड मिलिमीटरचा फरक, पण पाणी जवळजवळ तीस टक्के कमी. १२ मिलिमीटरचा ड्रिल बिट आत सहज जायला हवा.

पाईप बोटांनी दुमडा, मुठीत करकचून दाबा आणि सोडा. घडीवर पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर त्यात चुनखडीची भुकटी जास्त आहे. भुकटी घातल्याने पाईप स्वस्त पडतो आणि जडही होतो. पाईप किलोवर घेणाऱ्याची फसगत इथेच होते: जड म्हणजे दणकट असं वाटतं आणि आपण भुकटीचे पैसे मोजतो. चांगल्या मऊ पीव्हीसीचा, २ मिलिमीटर भिंतीचा, ३० मीटर अर्धा इंची पाईप साधारण साडेतीन किलो भरतो. पाऊण इंची, २.५ मिलिमीटर भिंतीचा, सव्वासहा किलोंच्या आसपास. भिंत तेवढीच आणि वजन फार जास्त असेल तर संशय घ्या. फार कमी असेल तर भिंत किंवा लांबी पुन्हा मोजा. भाव मीटरवर ठरवा, वजन तपासणीसाठी वापरा.

वास घ्या. नव्या पीव्हीसीला थोडा वास असतोच. पण डोकं धरेल असा उग्र, तेलकट वास, हाताला चिकटणारा थर, पृष्ठभागावर खडे किंवा रंगाचे पट्टे म्हणजे भंगारातलं प्लास्टिक वितळवून केलेला पाईप. त्यात आधी काय होतं ते कुणीच सांगू शकत नाही.

एक फूट व्यासाचं कडं करून बघा. अर्धा इंची पाईपला एवढ्या वळणात मुरड पडता कामा नये.

आता पाईपवर काय छापलंय ते वाचा. चांगल्या पाईपवर दर मीटर-दोन मीटरला मेकरचं नाव, व्यास आणि कामाचा दाब छापलेला असतो. दाब बार, किलो किंवा पीएसआयमध्ये असतो. १ बार म्हणजे जवळपास १ किलो, आणि १४.५ पीएसआय. दोन आकडे असतील तर मोठा बहुधा फुटण्याचा दाब असतो, तो कामाच्या दाबाच्या साधारण तिप्पट. विक्रेता मोठा आकडा दाखवतो, तुम्ही लहान बघा. आणि तोही पूर्ण धरू नका, कारण तो वीस-तेवीस अंशांच्या पाण्याला असतो. पन्नास अंशांवर मऊ पीव्हीसीची ताकद निम्म्यावर येते, आणि मे महिन्यात अंगणात पडलेला पाईप तिथवर सहज तापतो. मोटरीवर ४ किलो दाब येत असेल तर ८ ते १० किलोचा पाईप घ्या.

बंद बंडल असेल तर त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, लांबी, तयार झाल्याचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असणं वेष्टित मालाच्या नियमांनुसार आवश्यक आहे. लांबी तिथेच मोजून घ्या. शंभर फूट म्हणजे ३०.४८ मीटर. पक्कं बिल घ्या आणि त्यावर पाईपचं नाव, व्यास, लांबी लिहून घ्या. "पाईप, १ नग" असं बिल बदलून मागायच्या वेळी कामाचं नाही.

५. खाणं, पिणं आणि औषधाचं बॅरल

मऊ पीव्हीसी मऊ राहण्यासाठी त्यात थॅलेटसारखी द्रव्यं मिसळतात. ती प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, पाण्यात थोडी थोडी उतरतात. पाणी जितकं गरम आणि जितका वेळ पाईपमध्ये थांबलेलं, तितकी जास्त. स्वस्त पीव्हीसीत शिशाचे क्षारही वापरले जातात, आणि हलक्या पितळी तोंडांतही शिसं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे शिसं किती थोडं असलं तरी नको, हे त्या आकड्यावरूनच कळतं. लहान मुलांना त्याचा धोका सगळ्यात मोठा.

म्हणून बागेच्या पाईपचं पाणी पिऊ नये. पोरांना हे एकदा नीट समजावून सांगा. टँकर किंवा नळावरून पिण्याची टाकी भरायला वेगळा, "फूड ग्रेड" छापलेला पाईप ठेवा. तो दुसऱ्या कशालाही वापरू नका, आणि काम झालं की तोंडं झाकून सावलीत टांगा. भाजीच्या वाफ्यांना साधा पाईप वापरत असाल तर रात्रभर आत राहिलेलं पाणी आधी झाडांच्या आळ्यात सोडा. ३० मीटर अर्धा इंची पाईपमध्ये पावणेचार लिटर मावतं, म्हणजे १५ लिटरची पाव बादलीच. गार पाणी यायला लागलं की मग वाफ्याकडे वळा. दुपारी हे पाणी चटका बसण्याइतकं तापलेलं असतं. कोवळी रोपं त्याने करपतात आणि हातही भाजतो.

तासगावकडे द्राक्षबागा, आटपाडीकडे डाळिंब. तिथे घराघरांत फवारणीचे जुने पाईप पडलेले असतात. दाबाला ते फार भारी, म्हणून "वाया कशाला घालवायचे" म्हणत परसबागेला लावले जातात. असं कधीही करू नका. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणाचं) मोरचूद, कीटकनाशकं, बुरशीनाशकं आतल्या पदरात मुरलेली असतात आणि धुऊन पूर्ण निघत नाहीत. जनावरांच्या हौदालाही तो पाईप नको. फवारणीच्या पाईपला दोन्ही टोकांना लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा, म्हणजे अंधारात, घाईत, पाहुण्याच्या हातूनही चूक होणार नाही.

आता उलट्या ओढीचं. औषधाचं बॅरल भरायला पाईपचं टोक आत बुडवून ठेवलंय, नळ उघडा आहे आणि तेवढ्यात पाणी गेलं. लाईनमधलं पाणी उताराकडे धावतं, मागे पोकळी होते आणि बॅरलमधलं औषध पाईपातून उलटं नळाच्या लाईनमध्ये ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की ते आधी तुमच्या स्वयंपाकघरात आणि मग शेजारच्या घरात जातं. साताऱ्यासारख्या उताराच्या गावात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उंचावर असलेल्या घरांना हा धोका जास्त. खालच्या गल्लीत कुणी थेट लाईनला मोटर लावली की ओढ आणखी वाढते.

उपाय फुकटाचा आहे: पाईपचं टोक बॅरलच्या काठापेक्षा चार बोटं वर बांधा. पाणी हवेतून पडू द्या. टोक पाण्यात नसेल तर ओढलं जाईल ती फक्त हवा. त्यासाठी बॅरलच्या तोंडावर लाकडाची आडवी फळी टाकून तिला पाईप तारेने अडकवून ठेवता येतो. नळापाशी एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह, बसवला तर आणखी चांगलं. पण एनआरव्हीत कचरा अडकून तो उघडा राहू शकतो, म्हणून तो असला तरी चार बोटांचं अंतर सोडू नका. आणि औषध नेहमी बॅरल भरून नळ बंद केल्यावर घाला.

६. जोडणी

पाईप मधोमध फुटण्याआधी नळापाशी निसटतो किंवा चिरतो. नळाच्या तोंडावर पाईप ओढून बसवायचा, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि त्यावर बाइंडिंगची तार, ही पद्धत घरोघरी आहे. तार पाईपमध्ये रुतते आणि तिथूनच चीर सुरू होते.

नळाच्या आट्यांना बसणारं पितळी तोंड घ्या, दुकानात त्याला होज कॉलर किंवा होज निपल म्हणतात. त्याचा खाचांचा भाग पाईपच्या आतल्या मापाचा हवा: अर्ध्या इंची पाईपला अर्ध्या इंचीच. वर स्टेनलेसची स्क्रूची क्लिप. मोटरीवर असेल तर दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. अॅल्युमिनिअमचं तोंड पितळी नळावर लावू नका. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात आणि वर्षभरात आटे असे धरतात की नळच कापावा लागतो. प्लास्टिकचे झटपट जोड टाकीच्या दाबाला ठीक, मात्र आतली रबरी रिंग दर उन्हाळ्याआधी बघा. गळती बहुतेक वेळा त्या रिंगमुळेच होते, आणि ती बदलायला दोन मिनिटं लागतात.

पाईप निपलवर चढत नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा आणि साबणाचं पाणी लावून बसवा. लायटरने किंवा दिव्यावर तापवू नका, भिंत पातळ होते. तेलही नको, पाईप नंतर घसरतो. आटे असलेल्या जोडाला टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने.

पुढच्या टोकाची बंदूक किंवा नोझल मोटरीच्या लाईनवर लावणार असाल तर बंदूक बंद केल्यावर पाणी जायला दुसरी वाट ठेवा. हौदाकडे जाणारा एक कॉक थोडा उघडा असला तरी पुरे. नाहीतर सगळा दाब पाईपवर येतो, आणि कोंडलेल्या पाण्यात फिरून पंपही तापतो.

७. पहिला दिवस

पाईप पूर्ण उलगडून सकाळच्या उन्हात अर्धा तास पडू द्या, वळणं सैल होतात. मग पुढचं टोक उघडं ठेवून दहा मिनिटं पाणी सोडा. नंतर टोक बंद करून (मोटर असेल तर हौदाकडचा कॉक थोडा उघडा ठेवून), नळ हळूहळू उघडत, पूर्ण दाबावर पाच मिनिटं ठेवा आणि पाईपच्या कडेने चालत हात फिरवा. कुठे फुगवटा लागला, जाळी एका जागी फाकलेली दिसली तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा. नळ झटक्याने बंद करायची सवय असेल तर ती सोडा. धावतं पाणी एकदम थांबलं की त्याचा धक्का नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट असतो.

८. ऊन, उंदीर आणि दुरुस्ती

पाईप बंद नोझलसह, नळ चालू ठेवून उन्हात सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. पाणी तापतं, प्रसरण पावतं, पीव्हीसी त्याच वेळी मऊ पडतं. दुपारी कुणी घरी नसताना पाईप फुटतो आणि टाकी रिकामी होते. काम झालं की नळ बंद करा, नोझल उघडून दाब सोडा, पाईप रिकामा करा.

खिळ्यावर टांगू नका, त्या एका जागी मुरड पडते. स्कूटरची जुनी रिम भिंतीला ठोकून तिच्यावर गुंडाळा. वेढे दीड-दोन फुटांचे. जागा सावलीची, जमिनीपासून दोन-तीन फूट वर. महाबळेश्वर, पाचगणी, जावळीकडे पावसाळ्यात पाईप लागतच नाही, तेव्हा तो आतून कोरडा करून, तोंडांना कापड बांधून घरात ठेवा. नाहीतर आत गोम, पाली आणि चिखलमाश्यांची घरं होतात. जमिनीवर पडलेला पाईप उन्हाळ्यात उंदीर आणि घुशी पाण्यासाठी कुरतडतात. अशा पाईपला छोटी छोटी दातांची जोडभोकं दिसतात.

भोक पडलं तर एम-सील, चिकटपट्टी, ट्यूबची पट्टी यांत वेळ घालवू नका, दाबाखाली काहीच टिकत नाही. खराब भाग दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच चांगला पाईप धरून काटकोनात कापा, आतल्या मापाचा पितळी जॉइंटर घाला आणि दोन क्लिपा आवळा. एका पाईपला असे दोन जोड ठीक. तिसऱ्याची वेळ आली म्हणजे पाईप कडक झालाय, पुढचं भोक ठरलेलं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नोझल आणि झारी महिन्यातून एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, भोकं मोकळी होतात.

काढून टाकलेला पाईप पाचटाबरोबर किंवा कचऱ्याबरोबर पेटवू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो, त्यात डायॉक्सिनं ही विषारी द्रव्यंही असतात. त्याचे वीतभर तुकडे करून उभे चिरा आणि कुंपणाच्या तारा झाडाला जिथे घासतात तिथे, किंवा आधाराच्या काठीला रोप बांधताना दोरीखाली घाला. फवारणीच्या पाईपचे तुकडे मात्र यासाठीही वापरू नका.